बिनखात्याचा मंत्री

आमच्या पेठेतल्या वाचनालयाला नवा अध्यक्ष मिळाला त्या दिवशी मी पेढे वाटले. नुसते वाटले नाहीत, तर पेढा घेणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं, की आता वाचनालयातलं राजकारण संपलं. मी एकतीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं आहे. त्या विषयाची इतकी नालस्ती पेपरात कोऱ्या जागा सोडणाऱ्या पोरांनीसुद्धा कधी केली नसेल.

वाचनालयाची घटना जुनी आहे. तिच्यात सगळ्या सभासदांनी मिळून फक्त अध्यक्ष निवडायचा आणि अध्यक्षानं आपल्या पसंतीचे सहा जण कार्यकारिणीवर नेमायचे, अशी तरतूद आहे. ज्यांनी ती लिहिली त्यांना बहुधा वाटलं असावं, की चांगला माणूस चांगली माणसं निवडतो. पेठेत या सहा जणांना कुणी कार्यकारिणी म्हणत नाही. मंत्रिमंडळ म्हणतात, आणि ते थट्टेनं म्हणतात असा माझा कित्येक वर्षं समज होता.

कोल्हापूर जिल्ह्यात माणसाला त्याचा पक्ष विचारायची पद्धत नाही. पक्ष काय, साहेबांनी सकाळी बदलला तर दुपारपर्यंत गावाचा बदलतो. विचारतात ते एवढंच, "पावणं, कुठल्या गटाचं?" आमच्याकडे गट तीन. साखर कारखान्याच्या साहेबांचा एक, दूध संघाच्या साहेबांचा एक आणि शिक्षणसंस्थेच्या साहेबांचा एक. साखर, दूध आणि शिक्षण. या तिन्हींतून सुटलेला माणूस जिल्ह्यात एकतर पाळण्यात असतो नाहीतर बाहेरून बदलून आलेला असतो. गट विचारावाही लागत नाही म्हणा. कुणाच्या घरी कुठल्या दुधाची पिशवी येते, पोरगं कुठल्या कॉलेजात घातलंय, लग्नात पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर कोण येऊन बसलं, एवढ्यावरून आमच्या पेठेतली शेंबडी पोरंसुद्धा अचूक सांगतात. आमच्या शेजाऱ्यांनी एका निवडणुकीच्या आधी दुधाची पिशवी बदलली, तेव्हा त्यांच्या घरच्या चहाच्या आधी पेठेला ती बातमी कळली होती.

माझ्या घरात दूध गवळी घालतो. माझी मुलगी सरकारी कॉलेजात शिकली. साखर मी वाण्याकडून आणतो, कारखान्याचा सभासद नाही. त्यामुळे मी कुठल्याच गटाचा नाही, आणि याचा मला कोण अभिमान! चारचौघांत मी तो मिरवत आलो. अजून मिरवला असता.

नवा अध्यक्ष चौथीपासूनचा माझा वर्गमित्र. त्याचं फरशी आणि सॅनिटरी वेअरचं मोठं दुकान आहे. पुस्तकाशी त्याचा संबंध फरशीच्या कॅटलॉगपुरता; पण माणूस गोड, कुणाच्याही मयताला हजर, कुणाच्याही बारशाला हजर. अध्यक्षपदाला उभं राहायचं ठरल्यावर तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "गड्या, आपल्याला गट न्हाय. आपलं गिऱ्हाईक तिन्ही गटांत हाय." हे मला फार मोठं तत्त्व वाटलं. ते दुकानदाराचं वाक्य होतं, हे कळायला मला दोन महिने लागले. तोपर्यंत त्याच्या स्कूटरवर मागे बसून मी निम्मी पेठ पालथी घातली होती आणि दारोदार सांगितलं होतं, की या माणसाला कसलाही रंग नाही.

त्या प्रचारात माझा एक स्वार्थ होता, आणि तो मी उघड सांगतो. आमच्या वाचनालयातल्या ग्रंथपाल बाई.

बाई मूळच्या शाहूवाडीकडच्या, मलकापूरच्याही पुढच्या एका गावातल्या. लग्न होऊन शहरात आल्या. नवरा उद्यमनगरात लेथवर काम करतो. सतरा वर्षांपूर्वी वाचनालयात पुस्तकं पुसायला आणि रॅकवर लावायला म्हणून त्या लागल्या. तेव्हाचे ग्रंथपाल निवृत्त झाल्यावर त्यांनीच सगळं सांभाळलं. पण नेमणूकपत्रावर शब्द तोच राहिला, 'हंगामी'. तीन अध्यक्ष आले आणि गेले. हंगाम काही संपला नाही. कुठल्या म्हाताऱ्याला मोठ्या टायपातलं पुस्तक लागतं, कुठली बाई नवऱ्याच्या नावावर कादंबऱ्या नेते, कुणाला पुस्तक परत मागितलेलं आवडत नाही, सगळं बाईंना तोंडपाठ. मराठी टायपिंग येणाऱ्याही त्या एकट्याच, त्यामुळे वाचनालयाचा प्रत्येक कागद त्यांच्या हाताखालून जायचा.

ग्रंथालयशास्त्राची पदवी त्यांनी माझ्या सांगण्यावरून घेतली. "एकदा पदवी हातात आली की तुम्हाला इथून कुणी हलवू शकणार नाही," असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं. पोरांचे डबे, नवऱ्याची पाळी आणि वाचनालय सांभाळून बाईंनी बाहेरून अभ्यास केला आणि पहिल्या वर्गात पास झाल्या. पेढे घेऊन घरी आल्या होत्या. म्हणाल्या, "सर, आता पक्कं करत्यात न्हवं?" मी म्हटलं, करावंच लागेल.

निवडणुकीच्या आठवडाभर आधी मी माझ्या मित्राला मुद्दाम वाचनालयात घेऊन गेलो. बाईंच्या टेबलासमोर उभं केलं. त्यानं टेबलावर हात आपटून सांगितलं, "बाई, मी निवडून आलो की पयलं काम तुमच्या नेमणुकीचं. शब्द देतो." बाईंनी हात जोडले. मीही कृतार्थ झालो. एखादं पुस्तक लिहिल्यासारखं वाटलं मला त्या दिवशी.

तर अध्यक्ष निवडून आला आणि मंत्रिमंडळ बनवायची वेळ आली. खलबतखाना म्हणजे त्याच्याच दुकानाची मागची बाजू. चहूबाजूला वॉश बेसिन आणि कमोड मांडलेले, त्यांच्या मधोमध खोक्यांवर आम्ही दोघे. "तू शास्त्र शिकवलंस आयुष्यभर," तो म्हणाला, "सांग बघू, मंत्रिमंडळ कसं करत्यात?" मग काय! माझी जीभ सैल सुटली. लायकी बघून निवड करावी, वाचणारी माणसं घ्यावीत, निदान दोन बायका असाव्यात, मतभेद असणारेही आत असावेत, निर्णयाची जबाबदारी सगळ्यांची असते, असं मी तासभर बोललो. तो फरशीच्या कॅटलॉगच्या पाठीमागे काहीतरी लिहीत होता, अधूनमधून मान हलवत होता. मला वाटलं, माझे मुद्दे टिपून घेतोय.

चार दिवसांनी यादी वाचनालयाच्या बोर्डावर लागली. बाईंनीच टाइप केलेली, सुबक. उपाध्यक्ष, कारखान्याच्या साहेबांच्या जवळचे. कार्यवाह, दूध संघाच्या साहेबांच्या अगदीच जवळचे. इमारत विभाग पुन्हा दूध. ग्रंथनिवड विभाग शिरोळकडून येऊन पेठेत बंगला बांधलेल्या एका ट्रॅक्टर एजन्सीवाल्याकडे, म्हणजे साखर. या गृहस्थांनी पहिल्याच दिवशी मला विचारलं होतं, "पुस्तकं निवडायची म्हंजे काय वो करायचं? दुकानात मिळत्यात की तयार." सांस्कृतिक विभाग एका निवृत्त प्राचार्यांकडे, ते शिक्षणसंस्थेच्या साहेबांचे. आणि सहावं नाव माझं. खातं नाही. नुसतं 'सदस्य'.

साखर दोन, दूध दोन, शिक्षण एक आणि मी. बायकांचं नाव एकही नाही. सहा जणांपैकी वाचनालयाचं पुस्तक गेल्या वर्षात घरी नेलेला माणूस मी एकटा.

तरीही मला राग आला नाही, हे लिहायला लाज वाटते. मला गुदगुल्याच झाल्या. सगळे गटातटाचे आणि त्यांच्यामध्ये एक मी, निष्पक्ष. मित्रानं माझी कदर केली म्हणायची. घरी येऊन मी बायकोला यादी वाचून दाखवली आणि कोण कुठल्या गटाचा ते सांगितलं. ती मटार सोलत होती. "मग तुम्ही कुणाचे म्हणून गेलात त्यात?" तिनं विचारलं.

"मी कुणाचाच नाही. म्हणून तर घेतलं."

"कुणाचेच नाही, तर तुमचा त्यांना उपयोग काय?" ती म्हणाली आणि सालं गोळा करून आत गेली. बायकांना राजकारण कळत नाही, असं मी मनाशी म्हटलं. इतका मी हुशार.

आता त्या डिजिटलबद्दल लिहायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. फ्लेक्सच्या फलकाला कोल्हापुरात डिजिटल म्हणतात. वाढदिवस असो, रक्षाविसर्जन असो, कुणाच्या पोराला कुस्तीत ढाल मिळालेली असो, चौकात डिजिटल लागल्याशिवाय ती गोष्ट घडली असं आम्ही मानत नाही. अध्यक्षाच्या अभिनंदनाचा डिजिटल लागणारच होता. पण यानं आपण कुठल्याच गटाचे नाही हे दाखवण्यासाठी एक नामी युक्ती काढली. वर तिन्ही साहेबांचे फोटो टाकायचे! ज्यांनी एकमेकांच्या घरचं पाणी दहा वर्षांत प्यायलेलं नाही, असे तिघे एका ओळीत, हसतमुख.

डिजिटल लागला आणि तासाभरात पेठ पेटली. डावीकडे साखर, मध्ये दूध, उजवीकडे शिक्षण, असा क्रम होता. साखरवाले म्हणाले, मधली जागा मानाची, ती दुधाला का दिली? दूधवाले म्हणाले, वाचायला सुरुवात डावीकडून करतात, म्हणजे पहिला मान साखरेचा, हा आमच्या साहेबांचा अपमान आहे. दोघंही एकाच फलकासमोर उभे राहून आपापला अपमान एकमेकांना समजावून सांगत होते. शिक्षणवाले तर बोलायलाच तयार नव्हते. कार्यवाहांनी फलकाची दोरी कापली, उपाध्यक्षांनी ती परत बांधली. वाचनालयाच्या कार्यकारिणीचं पहिलं एकत्रित काम ते एवढंच.

अध्यक्ष माझ्याकडे धावत आला. मी निष्पक्ष ना! मी त्याला सुचवलं, ओळच नको, गोल कर. मध्ये तू आणि भोवती तिघे. गोलात कुणी पहिला नाही आणि कुणी शेवटचा नाही. हे सुचल्याबद्दल मी स्वतःवर इतका खूष झालो, की बायकोलाही चित्र काढून दाखवलं. तिनं कागद बघितला आणि विचारलं, "खाली कोण?" मी म्हटलं, गोलात वर-खाली काही नसतं.

दुसरा डिजिटल लागला. साखर वरच्या अंगाला डावीकडे, दूध वरच्या अंगाला उजवीकडे आणि शिक्षणसंस्थेचे साहेब बरोबर खाली. तेवढ्यावरही कदाचित निभावलं असतं. पण फलकाच्या पुढ्यात रोज संध्याकाळी भेळेची गाडी लागते. पाच वाजता गाडी आली आणि तिची कांद्याची टोपली नेमकी शिक्षणसंस्थेच्या साहेबांच्या तोंडावर आली. वर दोन साहेब हसताहेत आणि तिसऱ्याच्या जागी कांदे. त्या चौकातून जाणाऱ्या प्रत्येकानं त्याचा फोटो काढला. दिवेलागणीच्या आत तो साहेबांच्या मोबाइलवर पोचला होता.

निवृत्त प्राचार्यांनी त्याच संध्याकाळी सभासदांच्या ग्रुपवर राजीनामा टाकला. खाली अठरा ओळींचं निवेदन. "शिक्षणक्षेत्राची हेतुपुरस्सर अवहेलना" असा शब्दप्रयोग त्यात होता. भेळेला अवहेलना म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. शिक्षण गटाचे सभासद खास सभा बोलावून अध्यक्षालाच खाली खेचणार, अशी हवा उठली. पुस्तकांची देवघेव करायला वर्षभर न फिरकणारी माणसं दारात येऊन सभासदांची यादी मागू लागली.

दोन दिवसांनी अध्यक्ष मला सकाळी रंकाळ्यावर फिरायला घेऊन गेला. निम्मी फेरी झाल्यावर तो एका बाकावर बसला आणि म्हणाला, "मिटवलं सगळं. प्राचार्य माघारी येत्यात."

"कसं काय?"

"त्यास्नी कायतरी द्याय लागतंय की. साखरेला उपाध्यक्षपद गेलं, दुधाला कार्यवाहपद गेलं. शिक्षणाला काय? सांस्कृतिक! वर तोंडाला कांदा." तो माझ्याकडे सरकला. "त्यांची सून हाय. ग्रंथालयाचा कोर्स झालाय तिचा. ग्रंथपालाची पक्की जागा तिला देऊया म्हणतो."

"आणि बाई?"

"बाई हंगामीच हाईत न्हवं? पक्की आली की हंगामीचं काम संपलं. ह्या म्हैन्याअखेरपतोर ऱ्हातील."

"तू शब्द दिलतास. टेबलावर हात आपटून दिलतास," मी म्हणालो. माझा आवाज बराच चढला होता, हे मला आजही बरं वाटतं. तेवढंच आहे बरं वाटण्यासारखं.

"दिलता की. न्हाय कुठं म्हंतोय?" त्याला यत्किंचितही शरम वाटली नाही. "पर बाईच्या मागं कोण हाय सांग मला. साखर हाय? दूध हाय? समतोल बघाय लागतोय, गड्या. सोमवारच्या बैठकीत घेणार हाय मी विषय." मग त्यानं माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "आणि तू मधी पडू नगो. तू बाईची बाजू घेतलीस तर लोकं म्हंतील, ह्याचाबी गट झाला. मग तुझं काय ऱ्हायलं? तुला निष्पक्ष म्हणून घेतलाय."

मी उठलो. फेरी पुरी न करता घरी आलो. दिवसभर मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या. मनातल्या मनात शिव्या घालण्यात माझा हात धरणारा कुणी नाही.

बाईंना कुठून तरी कळलंच. सोमवारी दुपारी मी पुस्तक बदलायला गेलो, तेव्हा वाचनालयात दोन पेन्शनर पेपर वाचत बसलेले, बाकी कुणी नव्हतं. बाईंनी पुस्तकावर तारखेचा शिक्का मारला, ते माझ्यापुढे सरकवलं आणि हात त्याच्यावर तसाच ठेवला.

"सर, आज विषय हाय म्हणं."

"आहे."

"माझं म्हणणं एवढंच हाय, सर. सतरा वर्सं काम केलंय, पदवी हाय. एकदा कुणीतरी ते बैठकीत बोलून दाखवावं. मग काढलं तर काढलं. पर कायबी न बोलता काढू नये." त्यांनी हात उचलला. "तुम्ही बोलाल न्हवं?"

"बोलणार की. मी नाही तर कोण बोलणार?" मी म्हणालो.

आणि मी खरंच तयारी केली होती. एका पोस्टकार्डाच्या मागे तीन वाक्यं लिहिली होती. पहिलं वाक्य सेवेबद्दल, दुसरं पदवीबद्दल, तिसरं अध्यक्षानं दिलेल्या शब्दाबद्दल. तिसऱ्या वाक्यानं खळबळ माजेल असा माझा अंदाज होता. आरशासमोर उभं राहून ते मी दोनदा म्हणून बघितलं होतं.

बैठक वाचनालयाच्या माडीवर, पाच वाजता. सहा जण आणि अध्यक्ष. प्राचार्य परत आलेले, गळ्यात मफलर, चेहऱ्यावर अवहेलना पचवल्याचा भाव. सुरुवातीला सगळ्यांनी मिळून भेळवाल्याला शिव्या दिल्या. कार्यवाह आणि उपाध्यक्ष, ज्यांच्यातल्या एकानं कापलेली दोरी दुसऱ्यानं बांधली होती, ते एका कपातला चहा वाटून प्यायले. ट्रॅक्टरवाल्यांनी ग्रंथनिवडीचा अहवाल दिला, म्हणजे "बघूया" असं म्हणाले. मग अध्यक्षानं चष्मा लावला आणि विषय वाचला. ग्रंथपालपदी कायम नेमणूक, प्राचार्यांच्या सुनेचं नाव. "कुणाचं काय म्हणणं?"

पोस्टकार्ड माझ्या खिशात होतं. मी हात खिशात घातला. उपाध्यक्षांनी खोकून घसा साफ केला, म्हणून मला वाटलं ते बोलताहेत, त्यांचं होऊ द्यावं. ते काही बोलले नाहीत. मग चहावाला कप गोळा करायला वर आला. परक्या माणसासमोर असला विषय कशाला, म्हणून मी थांबलो. तो गेला. अध्यक्षानं एकेकाच्या तोंडाकडे बघितलं, साखर, दूध, दूध, साखर, शिक्षण आणि सगळ्यात शेवटी मी. माझ्याकडे बघून तो किंचित हसला, लहानपणी परीक्षेत माझ्या पेपरात डोकावताना हसायचा तसा. मला वाटलं, आता आपण बोललो तर हे सगळे म्हणणार, बघा, याचाही गट निघाला. सतरा वर्षं एका बाईंनी राखलेलं वाचनालय एका बाजूला आणि लोक मला निष्पक्ष म्हणतात ते दुसऱ्या बाजूला. मी दुसरी बाजू धरली. तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो.

"सर्वानुमते मंजूर," अध्यक्ष म्हणाला.

प्राचार्यांनी सगळ्यांना बर्फी वाटली. ती त्यांनी घरूनच आणली होती, म्हणजे त्यांना कसलीही शंका नव्हती. मी एक तुकडा घेतला. नको म्हणालो असतो तर कुणाला तरी वाईट वाटलं असतं.

त्यानंतर मी वाचनालयाकडे फिरकलो नाही. गुडघा दुखतो म्हणून घरी सांगितलं. महिनाअखेरीला अध्यक्षाचा फोन आला, की बाई चार्ज देताहेत, कार्यकारिणीतला एक माणूस तिथे हजर लागतो आणि बाकी सगळे कामात आहेत. बिनखात्याच्या मंत्र्याला अखेर खातं मिळालं. मी गेलो.

बाईंनी सगळं मांडून ठेवलं होतं. कपाटांच्या किल्ल्या, प्रत्येकीला कापडाची चिंधी बांधून वर कपाटाचा नंबर. शिक्के. फाटलेल्या पुस्तकांचा गठ्ठा, कुठलं बाइंडिंगला द्यायचं त्याच्या चिठ्ठ्यांसह. म्हाताऱ्या वाचकांना काय लागतं त्याचा एक कागद, नव्या ग्रंथपालांसाठी. मी खुर्चीवर बसलो. तयार करून आलेलं वाक्य बोललो.

"बाई, मी बोलणार होतो त्या दिवशी. पण बैठकीत असं काही वळण लागलं की..."

"असू द्या, सर."

"नाही, तुम्हाला कळायला हवं. मी निष्पक्ष माणूस. माझ्या तोंडून ते आलं असतं तर तुमचीच बाजू लंगडी पडली असती."

बाई किल्ल्या मोजत होत्या, त्या थांबल्या. माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. पुस्तक हरवलं म्हणून सांगायला आलेल्या सभासदाकडे त्या बघायच्या, तसं.

"सर, कार्यकारिणीची यादी मीच टाइप केलती."

"माहीत आहे मला."

"अध्यक्षांनी फरशीच्या पुस्तकामागं लिवून दिलती. परत्येकाच्या नावापुढं कंसात लिवलं हुतं, ह्यो कुणाचा, त्यो कुणाचा. साखर, दूध, शिक्षण. मला म्हणालं, कंसातलं घेऊ नका, ते माझ्यापुरतं हाय. पर मी सवयीनं सगळं टाइप केलतं."

मी विचारलंच. आतून वाटत होतं, निदान 'निष्पक्ष' असेल. "माझ्या नावापुढे काय होतं?"

"'बोलत न्हाय' असं हुतं."

पंखा फिरत होता. पेपर वाचणाऱ्या पेन्शनरांपैकी एकानं पान उलटलं.

"बाकीच्यांचे कंस मी छापायच्या टायमाला काढले," बाई म्हणाल्या. "तुमचा तेवढा टाइप केल्या केल्या खोडला. म्हटलं, अध्यक्षांनी सरांचं चुकीचं लिवलंय."

मग त्यांनी चार्ज दिल्याचा कागद माझ्यापुढे ठेवला. तोही त्यांनीच टाइप केला होता. खाली उजव्या कोपऱ्यात माझं नाव, त्याच्या खाली 'सदस्य' आणि सहीसाठी एक रेघ. त्यांनी पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं.

मी सही केली. काही बोललो नाही.